पारंबी कुठे टेकते

पुतणी : काका, जमिनीवर खडूनं आकडे लिहिलेत ते दोन दिवस पुसू देऊ नका. सकाळी फोन हातात धरून वाय-फायची रेंज मोजत मी सगळं घर फिरले. पुढच्या खोलीत, राउटरसमोर, उणे ३८. जेवणघरात उणे ५५. मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीत उणे ६६. आणि तिथून दोन हात आत, आजीच्या खुर्चीपाशी, उणे ७९. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. तीननं खाली आला की ताकद निम्मी होते, दहानं आला की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे चौकटीपासून खुर्चीपर्यंत जाताना जेमतेम विसावा भाग उरला. व्हिडिओ कॉल विनासायास चालायला साधारण उणे ६७ तरी लागतं. आजीचं आणि तिच्या बहिणीचं, साताऱ्याच्या आजीचं, बोलणं दर दोन मिनिटांनी का तुटतं, त्याचं उत्तर त्या खुर्चीच्या पायाशी खडूनं लिहिलेलं आहे. मला वाईट कशाचं वाटतं सांगू? सिंगापूरहून बंगालच्या उपसागराखालून तीन हजार किलोमीटरहून लांब तार चेन्नईच्या किनाऱ्याला येते. तिथून काचेच्या तंतूतून उजेड अड्यारपर्यंत येतो, आपल्या गल्लीत येतो, खिडकीतून घरात येतो. एवढं सगळं बिनचूक होतं आणि शेवटच्या दहा मीटरांत गाडी अडते. तीन डब्यांची मेश बसवू. एक पुढे, एक जेवणघरात, एक मागे. घरभर एकच नाव, एकच पासवर्ड. कुठल्याही खोलीत गेलं तरी नेट आपल्याबरोबर येईल.

काका : डब्यांची संख्या तू आधी ठरवलीस, भिंती नंतर बघशील. माझा जन्म बांधकामात गेला, म्हणून मी उलटीकडून सुरू करतो. हे घर अड्यारच्या गांधीनगरचं. स्वातंत्र्याच्या सुमारास ही वसाहत झाली त्या काळातलं. पुढच्या भागाच्या भिंती चौदा इंची, चुन्यातल्या. डोक्यावर मद्रास टेरेस, म्हणजे सागवानी वाशांवर पातळ विटा कडेवर तिरक्या रचून चुन्यात बसवलेल्या. त्यात लोखंड जवळजवळ नाही. तू वर गच्चीत गेलीस तर तुला रेंज मिळेल, आणि मागच्या खोलीपेक्षा चांगली मिळेल.

पुतणी : मिळाली! गच्चीत पायऱ्यांपाशी उणे ६१. मला वाटलं, मोजण्यात चूक झाली.

काका : चूक नाही. मागची खोली आणि तिच्याअलीकडचं बाथरूम मी १९८४ साली वाढवलं. ते सिमेंटचं, स्लॅबचं. तो स्लॅब भरताना मी स्वतः उभा होतो. सळ्यांची जाळी सहा-सहा इंचांवर आहे. तुझ्या वाय-फायची जुनी लाट, ती २.४ गिगाहर्ट्झची, पाच इंचांची. नवी ५ गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्मी. तशा जाळीतून ती पार अडत नाही, पण सिमेंट आणि लोखंड मिळून तिचा बराच हिस्सा खातात. आणि राउटरपासून आईच्या खुर्चीपर्यंत दोरी ताणलीस तर वाटेत काय येतं बघ. चौदा इंची भिंत, मग बाथरूमच्या टाइल्स, भिंतीतले पाण्याचे पाइप, आरसा, पाण्यानं भरलेलं पिंप आणि शेवटी आईचं लोखंडी कपाट. आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो, तो लाट परत फेकतो. पाणी ती पिऊन टाकतं. चौकटीत तुला ६६ मिळालं, कारण उघड्या दारातून लाट जेवणघराच्या बाजूनं वळून येते. खुर्ची मात्र कपाटाच्या आडोशाला आहे. शिवाय हे तू मे महिन्यात मोजलंस. आपला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरातला. चुन्याची भिंत तेव्हा ओल धरते आणि जानेवारीपर्यंत सोडत नाही. त्या दिवसांत हेच आकडे आणखी उतरतील. तर मला सांग, कपाट दोन हात सरकवायचं काम आधी, की तीन डबे आणायचं?

पुतणी : कपाट सरकवूच. राउटरही कोपऱ्यातून काढू. पण तेवढ्यानं भागणार नाही. सरकवून उणे ७२-७३ होईल, म्हणजे पुन्हा काठावर. ओल आली की पुन्हा खाली.

(या दोघांचं बोलणं मांडताना मध्येच एक सांगावंसं वाटतं. बहुतेक घरांत राउटर जिथे असतो ती जागा कुणी विचार करून निवडलेली नसते. तार ओढायला आलेल्या माणसाला जी खिडकी जवळ पडली तिथे त्यानं भोक पाडलं, खाली जो प्लग होता त्यात डबा लावला आणि सही घेऊन तो गेला. घराच्या एका टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, टीव्हीमागे किंवा चपलांच्या कपाटात ठेवलेला राउटर आपली अर्धी लाट रस्त्याला देत असतो. त्या माणसाला आणखी सहा मीटर तार टाकायला लावून डबा घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवला तर कितीतरी घरांना दुसरं काही आणावं लागणार नाही. नवं घर घेणाऱ्यांनी तर ही जागा रंग लावण्याआधी ठरवावी. नंतर ती ठरवणं किती जड जातं ते पुढे येतंच आहे.)

काका : मागच्या वर्षी तू तो एक्स्टेंडर आणलास. पाकिटावर लिहिलं होतं, रेंज दुप्पट. रेंजच्या काड्या खरंच भरलेल्या दिसायच्या, आणि आईचा चेहरा पडद्यावर तसाच गोठायचा. तेव्हापासून या भरलेल्या काड्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

पुतणी : काड्या खोट्या नव्हत्या. त्या फक्त फोन ते एक्स्टेंडर एवढ्याच अंतराच्या होत्या. एक्स्टेंडर ते राउटर या अंतराचं त्या काही सांगत नाहीत. आणि मी तो डबा ठेवला कुठे, तर मागच्या खोलीत, जिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. ती माझी चूक. त्यात आणखी एक अडचण असते. असा डबा एकाच वाटेवर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो. एका वेळी एकच काम, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मेशच्या चांगल्या डब्यांमध्ये आपसात बोलायला वेगळी वाट राखलेली असते. आणि मला आपल्याच अड्यारचं उदाहरण द्यायचंय. थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेतला वड. साडेचारशे वर्षांचा म्हणतात. १९८९ च्या वादळात त्याचं मूळ खोड कोसळलं, तरी झाड उभं राहिलं, कारण पारंब्यांनी भार घेतला. मला घरात तसं हवंय. एका खोडावर सगळा भार नको, जागोजागी पारंब्या हव्यात.

काका : त्या वादळानंतर मी तो वड बघायला गेलो होतो. खोड आडवं झालं होतं आणि भोवती पारंब्यांचे खांब ताठ उभे. उदाहरण चांगलं दिलंस, पण ते माझ्या बाजूचं आहे. वडाला दोन तऱ्हेच्या पारंब्या असतात. एक जमिनीला टेकलेली. ती माती धरते, जाड होते, स्वतः पाणी ओढते, पुढे तीच खोड होते. दुसरी अजून हवेत लोंबणारी. ती झाडाचीच, पण फांदीला आधार देत नाही. तिला लागतं ते पाणी अजून फांदीकडूनच येतं. तुझा मागच्या खोलीतला डबा जर पुढच्या डब्याकडून हवेतूनच नेट घेणार असेल, तर ती लोंबती पारंबी आहे. त्याला वेगळी वाट राखली म्हणतेस, पण ती वाटसुद्धा त्याच चौदा इंची भिंतीतून आणि त्याच बाथरूममधून जाते ना? भिंत आईच्या फोनला आडवी येते ती तुझ्या डब्याला का सोडेल?

पुतणी : मधला डबा जेवणघरात ठेवला तर भिंत चुकवता येते. चौकटीतून बघितलं की...

काका : चुकवता येते, पण भिंत तिथेच राहते. मला म्हणायचंय ते असं. पारंबी टेकवायची असेल तर तार न्यायला हवी. प्रत्येक डब्याच्या पाठीत तांब्याची तार. कॅट ६ ची तार शंभर मीटरपर्यंत हजार मेगाबिट घेऊन जाते. तिला ओल लागत नाही, मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू झाला म्हणून ती अडखळत नाही. फक्त दुकानात शुद्ध तांब्याची मागायची. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार त्याच नावानं विकतात. आणि विजेच्या तारेच्या पाइपातून ती नेऊ द्यायची नाही. आपले लोक एक पाइप दिसला की त्यात सगळं कोंबतात.

पुतणी : थांबा, म्हणजे तुम्ही माझ्याही पुढे गेलात. मी तीन डबे म्हणत होते, तुम्ही भिंती फोडायला निघालात.

काका : मी अजून काहीच फोडायला निघालेलो नाही. करायचंच असेल तर काय केलं म्हणजे ते टिकेल, एवढंच सांगतोय. करावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मला अजून सुटलेला नाही. आधी आणखी एका प्रश्नाचं उत्तर मला हवंय. लोक म्हणतात, चार अँटेनांचा मोठा राउटर आणा, भिंत भेदून जाईल. का नाही जात?

पुतणी : कारण हे रेडिओवरच्या बातम्यांसारखं एकतर्फी नाही. फोनलाही उलट बोलावं लागतं. राउटर भिंतीतल्या प्लगवर चालतो, फोन छोट्या बॅटरीवर. मोठा राउटर मोठ्यानं ओरडेल आणि आजीच्या फोनला ते ऐकू जाईल. काड्या भरतील. पण फोनचं क्षीण उत्तर परत राउटरपर्यंत पोचणार नाही. शिवाय ओरडण्याला कायद्याची मर्यादा आहे, आणि ती असायला हवी. ही हवा सगळ्यांची. २००५ मध्ये सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरसुद्धा परवान्याविना मोकळा केला, २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा तुकडा. मोकळा म्हणजे तिथे आपला हक्क कुणापेक्षा जास्त नाही. २.४ मध्ये एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा धड तीनच आहेत, १, ६ आणि ११. शेजारच्या बंगल्याच्या जागी आता बारा फ्लॅट झालेत. काल संध्याकाळी मी मोजलं तेव्हा आपल्या पुढच्या खोलीत सतरा घरांची नावं दिसत होती. सगळ्यांनी आवाज वाढवला तर कुणालाच काही ऐकू येणार नाही, मासळीबाजारासारखं. म्हणून मी मोठा राउटर म्हणत नाही. लहान आवाजाचे डबे, माणसाच्या जवळ ठेवलेले.

काका : मग भिंतीला दोष देऊ नकोस. बारा फ्लॅट्सचा गलका तुझ्या मागच्या खोलीत येत नाही तो तिच्यामुळेच.

पुतणी : हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच, मागच्या खोलीत फक्त तीन नावं दिसली. म्हणजे तिथे तारेवरचा एक डबा, आवाज अगदी कमी, ५ गिगाहर्ट्झवर. ती खोली घरातली सगळ्यात शांत खोली होईल. काका, मग तार नेऊच या! पण इथे माझी अडचण सुरू होते, आणि ती तंत्राची नाही. तार म्हणजे भिंतीला खाच. खाच म्हणजे हे घर इथेच राहणार असं धरून चालायचं. तुम्ही गेल्या दिवाळीपासून बिल्डरशी बोलताय. अर्धी जागा त्याला, अर्धे फ्लॅट आपल्याला. तीन वर्षांत ही भिंतच नसेल तर तिच्यात तांबं कशाला पुरायचं? मेशचे डबे उचलून नव्या फ्लॅटमध्ये नेता येतात. भाड्यानं राहणारी माझी सगळी मित्रमंडळी म्हणूनच मेश घेतात. मालक भोक पाडू देत नाही. लोंबती पारंबी म्हणा हवं तर, पण ज्यांच्या पायाखालची जमीनच स्वतःची नाही त्यांनी ती टेकवायची कुठे?

काका : बिल्डरचं अजून ठरलेलं नाही. आई आहे तोवर मी सही करणार नाही, हे मी त्यालाही सांगितलंय. आणि खाच न पाडता तार नेता येते. जमिनीलगतच्या पट्टीवरून, गच्चीवरून, बाहेरच्या भिंतीनं. दिसेल, पण काढता येईल. तेव्हा ती अडचण मी मोठी मानत नाही. माझी खरी अडचण वेगळी आहे. सांगतो, पण हसू नकोस.

पुतणी : नाही हसणार.

काका : दोन वर्षांपूर्वीपर्यंत या घरात नेट फक्त पुढच्या खोलीत यायचं. रात्री नऊला सगळे तिथे असायचे. तू लॅपटॉप घेऊन खाली जमिनीवर, काकू तिचे क्लासचे पेपर तपासत, आई आरामखुर्चीत, मी पेपर वाचत. कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं. पण कुणी उसासा टाकला तर बाकीच्यांना ऐकू यायचा. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा वादळात झाडं पडली, दिवसच्या दिवस करंट नव्हता, तेव्हाही आपण सगळे त्याच खोलीत होतो. मग तू जेवणघरापर्यंत रेंज नेलीस आणि काकू तिकडे गेली. वरच्या खोलीत मिळायला लागली आणि तू वर गेलीस. मागची खोली झाली की आई मागेच राहील. चांगली रेंज घराला चार घरांत वाटते, असं मला दिसतंय. त्याची भीती मला एकट्याला वाटते की काय, कोण जाणे.

पुतणी : हसण्यासारखं काही नाही त्यात. मलाही त्या रात्री आठवतात. पण त्याच पुढच्या खोलीत आजी दुपारी चारला काय करते ते तुम्ही बघितलंय? सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज बहिणीला फोन करते, कारण तेव्हा साताऱ्याच्या आजीच्या घरी कुणी नसतं. ती मागून भिंत धरत धरत पुढे येते. पुढे टीव्ही लागलेला असतो, दारात कुरिअरवाला, काकूच्या शिकवणीची मुलं. दोन म्हाताऱ्या बहिणी, एक नव्वदची, एक शहाऐंशीची. त्यांना एकमेकींना जे सांगायचंय ते अशा खोलीत बोलता येत नाही. मी मागच्या महिन्यात ऐकलं, न ऐकल्यासारखं करून. आजी म्हणाली, 'नंतर सांगते, आत्ता सगळे आहेत.' नंतर म्हणजे कधी? मागच्या खोलीत गेली की फोन तुटतो. आपण म्हणतो घर एकत्र बसायचं. बसायचं ते खरं, पण पुढे बसण्यावाचून तिला दुसरी जागाच नव्हती. तुम्हाला पेपर घेऊन उठून जाता येत होतं, मला वर जाता येत होतं. तिला येत नव्हतं.

काका : हे मला माहीत नव्हतं. 'सगळे आहेत' म्हणाली?

पुतणी : हो. आणि परवा डॉक्टरांशी फोनवर बोलतानाही तिनं लघवीच्या त्रासाचं सांगितलंच नाही. समोर शिकवणीची दोन मुलं होती.

काका : मग मागची खोली व्हायलाच हवी. तिथपर्यंत तार मी स्वतः नेईन. पण तुझं 'घरभर' हे मला अजून पटत नाही, कारण त्याच न्यायानं दुसरी बाजू निघते. आईला एकटं बोलायला जागा हवी, तशी तुला कुणीच बोलावू नये अशी जागा नको? गच्चीत तुला उणे ६१ मिळतं. रात्री दहाला तू तिथे वारा खायला जातेस आणि ऑफिसचा फोन तिथेही येतो. गेल्या आठवड्यात गच्चीत उभी राहून तू पाऊण तास कुणाची तरी समजूत घालत होतीस. खाली आलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता. तिथे तर भिंतसुद्धा नाही तुझी बाजू घ्यायला.

पुतणी : त्याला वाय-फाय काय करणार? मोबाइलचं नेट तिथे आहेच. फोन खाली ठेवून जायचा की नाही, हे मी ठरवायचं.

काका : ठरवतेस का? मी टोचून बोलत नाही, खरंच विचारतो. जिथे रेंज नाही तिथे 'रेंज नव्हती' एवढं म्हटलं की भागतं. जिथे आहे तिथे 'मी उचलला नाही' असं म्हणावं लागतं, आणि ते तुमच्या नोकऱ्यांत किती जणांना म्हणता येतं?

पुतणी : नाही म्हणता येत. पण म्हणून घराच्या भिंतींनी माझ्या वतीनं नाही म्हणावं, हे मला नको आहे. आज भिंत माझं काम करते, उद्या तीच आजीचं तोंड बंद करते. भिंतीला माणसं ओळखता येत नाहीत. मला अशी व्यवस्था हवी की खोलीत रेंज असावी आणि बंद करायचं बटण त्या खोलीत राहणाऱ्याच्या हाती असावं. मागच्या डब्याचं आजीकडे, वरचं माझ्याकडे.

काका : बटण तिच्या हाताला लागेल अशा उंचीवर लावता येईल. साधं विजेचं बटण, डब्याच्या प्लगचं. आणि राउटरला छोटी बॅटरी लाव. करंट गेला तरी गल्लीतली काचेची तार बहुधा चालूच असते, विझतो तो घरातला डबा. पण बटण दिलं म्हणजे प्रश्न मिटला असं मला वाटत नाही. चालू असलेलं बंद करायला माणूस बिचकतो. आईसारखं माणूस तर, मुलांनी एवढा खर्च करून दिलंय म्हणून, कधीच बंद करणार नाही. आणखी एक सांगू? तू आकडा खुर्चीपाशी घेतलास. आई खुर्चीत बसते ती आपण आत आलो की. एकटी असते तेव्हा मागचं दार उघडून पायरीवर बसते, कडुनिंबाखाली. चारच्या आधी तासभर रोज. तिथे तू खडू टेकवलाच नाहीस.

पुतणी : पायरीवर? मला वाटायचं ती झोपते तेव्हा. मग डबा कपाटाच्या बाजूला लावून चालणार नाही, दाराजवळच्या खिडकीत हवा. म्हणजे तार बाथरूमकडून न नेता बाहेरून, कडुनिंबाच्या बाजूच्या भिंतीनं आणायची.

काका : आणि त्या तासात तिला तिथे फोन नकोच असला तर?

पुतणी : तर डबा आतल्या कोपऱ्यात, आणि पायरी तशीच सोडायची. कुठली भिंत धरायची ते तिला विचारल्याशिवाय ठरत नाही, काका. साडेतीन झालेत. आत्ता ती पायरीवरच असेल.